अमरावती ते अकोला, अर्धा तास

अमरावतीच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो. नकाशावर दोरा ताणून मुलांकडून अंतरं मोजून घ्यायचो. अकोला सरळ रेषेत पन्नासेक मैल, म्हणजे विमानाला अर्धा तास. विमानात बसलेलं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं, पण लढाईच्या दिवसांत वरून घरघर जायची, तेवढ्यावर माझी ऐट. धाकट्या बहिणीला अकोल्याला जठारपेठेत दिली. सासरी निघताना स्टेशनावर ती रडायला लागली, तेव्हा तिलाही मी हाच हिशेब ऐकवला.

"रडून काहून राहिली? तू हाक मार, अर्ध्या तासात येतो मी."

ती रडता रडता हसली.

दोन वर्षांनी, एका शुक्रवारी सकाळी तार आली. बाळंतपणानंतरचा ताप उतरत नाही, ताबडतोब निघा. मी पिशवी भरली. वडील भिक्षुकी करत. त्यांना पंचांग उघडायचीही गरज पडली नाही. शुक्रवारी पश्चिमेला शूळ, त्या दिशेनं आज पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

वारावारच्या या शुळाची मी वर्गात यथेच्छ थट्टा करायचो. आता वडिलांपुढे गयावया केली. मग वकिली सुरू केली. गाडी आधी बडनेऱ्याला जाते, बडनेरा दक्षिणेला, आणि दक्षिणेचा शूळ गुरुवारी, म्हणजे कालच सरला. वडील खरंच विचारात पडले. शेवटी ते म्हणाले, जिथे पोचायचं, दिशा तिथलीच धरायची. तेवढ्यात सकाळची गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली.

वडिलांना बोल लावत मी पुढं बरीच वर्षं काढली. पण दुपारी दुसरी गाडी होती आणि मला एकट्याला जाता आलं असतं. वहाणा घालून मी दोनदा दारापर्यंत गेलो. शूळ मोडून निघालो आणि तिचं काही बरंवाईट झालं तर? दोनदा परत फिरलो. मोठा भूगोलाचा मास्तर! माझी मलाच किळस येत होती, तरी वहाणा काढून ठेवल्या.

शनिवारी पहिल्या गाडीनं वडील आणि मी निघालो. जठारपेठेत तिच्या घरासमोर माणसं जमलेली दिसली. ती पहाटेच गेली होती.

तिची सासू उंबऱ्याशी बसली होती. काल दुपारी वरून विमान गेलं, म्हणाली, तशी पोरगी अंथरुणात उठून बसली.

"म्हणे, दार लावू नका, दादा निघाला, अर्ध्या तासात येते." सासूनं पदरानं तोंड पुसलं. "मंग आमी दार लावलंच नाही."