उज्वलाचा पाम आणि रुक्मिणबाईंचे पाणी

“रुक्मिणबाई झाडालासुद्धा तरसवतात,” असे आमच्या इमारतीत त्या हिवाळ्यात बोलले जाई. पुढाकार समोरच्या उमादेवींचा. सकाळी तुळशीला पाणी घालताना त्यांना उघड्या दारातून रुक्मिणबाईंच्या बैठकीतला पाम दिसे, आणि त्या हळहळत.

पाम रुक्मिणबाईंचा नव्हता. त्यांच्या सुनेने, उज्वलाने, नांदेडला बिऱ्हाड केल्यापासून तो वाढवला होता. दिवाळीनंतर नोकरीच्या प्रशिक्षणासाठी तिला लातूरला जावे लागले. “आत्या, संक्रांतीला येते. तोवर एवढं जपा,” असे म्हणून जिना उतरताना तिने दोनदा मागे वळून पाहिले. आपली आवडती वस्तू सासूवर सोपवण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. तिचे ते वळून पाहणे रुक्मिणबाईंच्या मनात राहिले.

त्यांचे आयुष्य अहमदपूरजवळच्या शेतात गेलेले. डिसेंबरात थंडीची लाट आली आणि पामाच्या पानांची टोके करपू लागली. शेतात अशा वेळी रात्री हरभऱ्याला पाणी सोडतात. ओली जमीन ऊब धरते, पीक गारठत नाही. रुक्मिणबाईंनी तेच केले. रोज दिवेलागणीला तांब्याभर पाणी. कुंडीखालची बशी भरली की त्यांना समाधान वाटे.

“आई, पाणी जास्त होऊन राहिलं का?” मुलगा व्यंकट एकदा म्हणाला.

“थंडी मी बघितली हाय, तू न्हाई.”

थोड्याच दिवसांत खालची पाने पिवळी पडली. कुंडीला कुबट वास येऊ लागला. बोट खुपसले तर आत चिखल. शेतातले जास्तीचे पाणी खाली मुरते, बांधावरून निघून जाते; इथे ते बशीत साचून मुळांशीच बसले होते. रुक्मिणबाईंनी बशी मोरीत रिकामी केली, पिवळी पाने कापली, व्यंकटला कुंडी गार वाऱ्यातून काढून पूर्वेच्या उजेडात ठेवायला लावली आणि पाणी तोडले. रोज सकाळी मातीत बोट घालून त्या पुटपुटत, “वाफसा न्हाई अजून.” पेरणीआधी जमीन ना चिखल असते ना कोरडी, तशी माती त्यांना त्या कुंडीत हवी होती.

इमारतीने पाहिले ते हे पाणी तोडणे. आधीचे दिवेलागणीचे तांबे कोणाला दिसले नव्हते, आणि त्याही सांगत बसल्या नाहीत. एकदा उमादेवी तांब्या घेऊनच दारात आल्या. “मावशी, मुकं झाड हाय. घोटभर तर घालू द्या!”

“ऱ्हाऊ दे,” म्हणून रुक्मिणबाईंनी दार लोटून घेतले.

संक्रांतीला उज्वला आली ती बॅग खांद्यावर तशीच ठेवून पामाकडे गेली. मधोमध एक नवे पान, अजून मिटलेले, सरळ वर आले होते. तिने बुंध्याजवळचे कापल्याचे वण चाचपले.

“आत्या, खालची पानं?”

तिळगूळ द्यायला आलेल्या उमादेवींनीच उत्तर दिले. “जातील न्हाई तर काय! थेंब म्हणून दिला न्हाई ह्यांनी. देवानंच वाचवलं.”

उज्वलाने सासूकडे पाहिले. रुक्मिणबाईंनी तिळगुळाची वाटी खाली ठेवली.

“उमा, तू चूप बैस. उज्वला, पाण्यावाचून न्हाई, रोज पाजून घालवली म्या तुझी पानं. हरभरा समजून भिजवलं. आता रागव, न्हाईतर चहा ठेव.”