नैवेद्यातला गळ

मी मासेमारीचा अनुभवी गाइड आहे, ही थाप मी ऑफिसच्या वेळेत आणि पूर्ण शुद्धीत मारली.

आमच्या हडपसरच्या सॉफ्टवेअर कंपनीचा कॅनडातला क्लायंट, पीटर, फोनवर सांगत होता, "दर सप्टेंबरात मी गाइड घेऊन तळ्यावर ट्राउट मासे धरायला जातो." कॅनडाला कुणाला पाठवायचं हे या पीटरच्याच हातात! मी म्हणालो, "अरे वा! दर रविवारी मी लोकांचा गाइड होऊन तळ्यावर जातो!" (जिवंत मासा मी तोवर फक्त दातांच्या डॉक्टरकडच्या काचपेटीत पाहिला होता.)

महिन्याभरात पीटर पुण्यात हजर. हातात लांबलचक गळकाठी. "रविवारी निघू या, गाइड!"

रविवारी नेमकी सर्वपित्री अमावस्या. आमच्या नव्या सोसायटीकडे कावळा फिरकतच नाही, म्हणून बाबांच्या नावाचा घास आईने माशांना घालायला सुरुवात केली होती.

"पानशेतच्या वाटेवर मित्राच्या तळ्यावर चाललायस ना? मीही येते," कणकेच्या गोळ्यांचा डबा बांधत आई म्हणाली.

"आई, ऑफिसचं काम आहे."

"असू दे की. तुझ्या कामात मी कधी लुडबुड करते का?"

होडीत पुढे पीटर, मागे आई, मध्ये वल्ही मारणारा मी. होडी जागच्या जागी गिरक्या घेत होती.

"ही काठी कसली रे?" आईने विचारलं.

"पाण्याची खोली मोजतात."

"आणि टोकाला तो किडा?"

"...सेन्सर आहे, आई."

पीटरने सेन्सर पाण्यात सोडला. मागे आईने गोळे सोडले. तळ्यातले झाडून सगळे मासे आईकडे! "सावकाश, सावकाश! सगळ्यांना मिळेल!" आई पंगतीत वाढावं तशी वाढत होती. पीटरच्या दोरीला लाटसुद्धा शिवेना.

"गाइड, मासे साधारण कुठल्या बाजूला असतात?" पीटरने थंडपणे विचारलं.

माझा कॅनडा बुडायला लागला होता! आई बाबांचं स्मरण करायला डोळे मिटून हात जोडून बसली, तेवढ्यात मी डब्यातला एक गोळा उचलला, पीटरच्या गळाला लावला आणि हळूच पाण्यात सोडला.

आणि तळं एकदम गप्प झालं.

होडीखालून काहीतरी काळं सरकलं. सरकतच राहिलं! संपेचना! मग तो वर आला. अजस्र कटला मासा! परातीएवढं डोकं, आणि पाठीवर ऊन असं पडलेलं की खवला खवला उजळला होता. आईने डोळे उघडले, गोळा ठेवून तळहात पुढे केला. त्याने त्यावरचा गोळा प्रसादासारखा अलगद उचलला. एवढं मोठं काही इतकं शांत असू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मग तो माझ्या गोळ्याकडे वळला. थांबला. माझ्याकडे पाहिलं. (माशाला पापण्या नसतात, मान्य. तरीही त्याने डोळे वटारले!) आता गाइडपणा दाखवायलाच हवा, म्हणून मी जाळी घेऊन उठलो, वाकलो, आणि शेपटीची एक सणसणीत कानाखाली बसली!

छातीभर पाण्यातून मी वर आलो, तेव्हा आई गळाला लटकलेल्या कणकेकडे बघत होती.

"नैवेद्यात गळ घातलास?"

"आई, तो कटला..."

"कोण होतं ते कळलं मला! ह्यांचा हातही असाच उजव्या कानावर पडायचा."

"काय म्हणतायत?" पीटरने कुजबुजत विचारलं.

दात वाजत होते, थाप सुचेना. "ते माझे वडील होते."

पीटरने टोपी काढली. दोरी गुंडाळून गळकाठी बाजूला ठेवली.

"अहो साहेब, घ्या आपण," आईने डबा पुढे केला. ऊन उतरेपर्यंत तो माणूस लहान मुलासारखा माशांना घास भरवत बसला. मला कुणी होडीत घेतलं नाही.

काठावर उतरल्यावर पीटर म्हणाला, "पुढच्या सप्टेंबरात माझ्या तळ्यावर यायचं. इतक्या वर्षांत खरा गाइड आज भेटला!" मी ओली बाही पिळून हात पुढे केला. तो मला वळसा घालून आईसमोर वाकला होता.

कॅनडाला मीही गेलो, नाही असं नाही. व्हिसाच्या खिडकीत विचारलं, "तिथे कामाचं स्वरूप काय?"

"आई गाइड आहे," मी म्हणालो. "मी कणीक मळतो."