गॅलरीत भरून आणलेला श्वास

मला किळस फार लवकर येते. भेंडी चिरताना तार हाताला लागली तरी मी पुन्हा पुन्हा साबण लावते. माझ्या थोरल्या बहिणीचं, आवडाताईचं, जे सांगणार आहे त्यात घाण बरीच आहे, आणि ती मी गाळून सांगणार नाही. गाळून सांगणाऱ्यांची मला जास्त किळस येते.

ताई ठाकुर्लीला राहते, नव्वद फुटी रोडच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर. तिचे यजमान विश्राम, म्हणजे माझे भावोजी, डोंबिवलीला एका रंगाच्या कारखान्यात होते. कामावरून आले की दाराशीच कपडे उतरवायचे, सरळ मोरीत जायचे आणि कानामागची रंगाची रेघ जाईपर्यंत अंग घासायचे. चहा त्यानंतर. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी त्यांनी कधी तोंडाला लावलं नाही. ताईने कोलंबी साफ केली की कितीही हात धुवू दे, जेवताना भावोजी तिचा हात नाकाशी नेणार आणि म्हणणार, "अगं, बोटांना वास आहे." बिचारी जन्मभर लिंबाची साल घासत आली. मला त्या माणसाचा तेव्हा राग यायचा. कोलंबी मात्र ते चापून खायचे.

अशा माणसाला रिटायर झाल्यावर पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नाक तेवढं शाबूत राहिलं. आपल्याच अंथरुणातला वास त्यांना पहिल्यांदा यायचा, ताईला मागाहून. मग डोळे घट्ट मिटून घ्यायचे.

पोटी मूल नाही. ठेवलेली बाई आठवडाभरात पळाली. राहिली ताई. पहिल्या दिवशी तिने नवऱ्याला पुसलं, चादर बदलली, मेणकापड धुतलं आणि मोरीत बसून भडाभडा ओकली. त्या दिवसापासून तिच्या ताटातलं वरण गेलं. रंग बघवत नाही म्हणाली. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली, आणि रात्री झोपेतही नाकाशी हात नेऊन हुंगत असायची.

भेटायला येणाऱ्यांबद्दल काय सांगू. दारातच नाकपुड्या आक्रसायच्या, मोसंबी टेबलावर ठेवायची, पंख्याखालची खुर्ची पकडायची आणि चहा संपला की जिना उतरायचा. चहा मात्र सगळ्यांना हवा असायचा. त्यांच्यात शहाणे म्हणजे ताईचे दीर, परशुराम. हे ठाण्याला राहतात आणि रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो पाठवतात, खाली 'सकारात्मक राहा'. पलंगापासून चार हात लांब उभे राहून म्हणायचे, "वहिनी, शीळफाट्याला अशा पेशंटांचं एक सेंटर आहे, सगळी सोय आहे. तुम्ही फक्त हो म्हणा." भावाच्या अंगावरचं पांघरूण सरळ करायला यांचा हात एकदाही पुढे झाला नाही.

अशात शेजारणीने ताईला खाली सोसायटीच्या हॉलमध्ये योगाला नेलं. वर्ग घेणारी स्वप्ना, तळमजल्यावरची, शाळेत पीटी शिकवते. मी एकदा जाऊन बघितलं. हॉलच्या खिडकीखालून नाला जातो, आणि ही म्हणतेय, "शांतपणे नाकाने श्वास आत घ्या." मी तिथेच हसले. पण खोटं कशाला बोलू, ताईला त्याचा उपयोग झाला. सकाळचा तेवढा वेळ तिला कोणी हाक मारत नव्हतं. शवासनात ती चक्क घोरायची, आणि बाकीच्या बायकांना स्वप्ना हळूच उठवून घरी पाठवायची, हिला झोपू द्यायची. खांदे जरा खाली उतरले. एक दिवस लिंबाचं लोणचं चाखून म्हणाली, "मीठ कमी झालंय." कितीतरी दिवसांनी तिला चव कळली होती.

स्वप्नाने शिकवलं ते साधंच होतं. सावकाश श्वास घ्यायचा, जमेल तेवढाच थांबवायचा, आणि घेतला त्याहून सावकाश सोडायचा. "काकी, खरं काम सोडण्यात आहे. थांबवण्याच्या मागे लागू नका," असं ती दरवेळी सांगायची. पण शिऱ्यातले बेदाणे तेवढे वेचून खावेत तसं ताईने त्यातलं मधलंच उचललं. श्वास थांबवणं. तिने त्याची युक्ती केली. भावोजींचं अंथरूण खराब झालं की ती गॅलरीत जायची, छाती भरून श्वास घ्यायची, गाल फुगवून, ओठ दाबून आत यायची, तेवढ्या दमात पुसून-बदलून पुन्हा गॅलरीत पळायची आणि तिथे हुश्श करायची. मधे दम संपला तर काम अर्धं टाकून बाहेर. भावोजी तसेच अर्धे उघडे.

आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. प्राणायामाचा केवढा फायदा, असं परशुरामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं. मी म्हटलं, "ताई, भारी डोकं चालवलंस." ओकणं थांबलं होतं ना, मग आणखी काय पाहिजे होतं.

आणि भावोजींचं जेवण बंद झालं.

आधी भाकरीचा काला नको झाला, मग खिचडी, मग पेज. चमचा पुढे केला की ओठ आवळून घ्यायचे. पाणीसुद्धा गळ्याखाली जाईना. डॉक्टर येऊन कातडी चिमटीत धरून बघून गेले. म्हणाले, असंच चाललं तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल, आणि उशीर झाला तर माणूस हातचा जाईल. परशुरामांनी लगेच निदान केलं, "दादाची जगायची इच्छाच संपलीय." रविवारी गाडी घेऊन येतो, सेंटरवाले नळीबिळी सगळं बघतात, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. ताई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. गॅलरीत जाऊन श्वास भरत बसली.

शनिवारी दुपारी मी कळव्याहून गेले. ताईला म्हटलं, तू गॅलरीत बस जरा, मी भरवून बघते. पेज केली, वर मीठ आणि तूप घातलं. भावोजींनी ओठ आवळले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भावोजी, उद्या तुम्हाला नेणार आहेत. कळतंय ना? इथून नेणार. दोन चमचे खाल्लेत तर मला त्यांना सांगता तरी येईल काहीतरी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गॅलरीकडे. तेवढ्यात खोलीत वास पसरला. मी ओढणी नाकाला लावली. ताईलाही तिथे कळलं असणार, कारण तिने पाठ वळवून छाती भरायला घेतली. भावोजींनी डावा हात उचलला, तिच्याकडे बोट केलं. मग स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि गाल फुगवले. तोंड वाकडं असल्यामुळे एकच गाल फुगला. मला हसू आलं, नकला करतात वाटलं. पण हात तिथे थांबला नाही. पोटावर गेला, तिथून खाली अंथरुणाकडे, आणि मग त्याच हाताने त्यांनी माझा पेजेचा चमचा लांब ढकलला.

माझं हसू जिरलं. मी विचारलं, "तिला काढावं लागू नये म्हणून खात नाही तुम्ही?"

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. ती पुसावी असं मनात आलं, पण माझा हात काही पुढे झाला नाही.

ताई गॅलरीच्या दारात उभी होती. गाल फुगलेले, हातात पाण्याचं तसराळं. सगळं बघितलं होतं तिने. तो भरून आणलेला श्वास तिच्या तोंडातून एकदम फस्सकन सुटला. मला वाटलं रडेल. ती भडकली.

"म्हणजे मी उपाशी मारतेय तुम्हाला?" तसराळं खाली आपटून ती पलंगावर बसली. "एवढी वर्षं माझी बोटं हुंगलीत. मी काय जेवण सोडलेलं?"

तिने चादर बाजूला केली आणि नाकाने सावकाश श्वास आत घेतला, खाली हॉलमध्ये घेतात तसा. तिला ओकारीचा उमाळा आला, डोळ्यांतून पाणी आलं. पण ती उठली नाही. मग तोच श्वास तिने सोडला, हळूहळू, संपेपर्यंत.

"घाण येतेय," ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली. "येणारच. मला किळस येते, हो, येते. उद्यापण येईल. म्हणून तुम्ही मरायचं का?"

पुन्हा श्वास घेतला, पुन्हा उबळ आली, पुन्हा सोडला. हात चालूच होते. भावोजी टक लावून तिच्याकडे बघत होते. बघता बघता त्यांची छाती तिच्या छातीबरोबर हलायला लागली. ती सोडायची तेव्हा हेही सोडायचे, वाकड्या तोंडातून फुर्र आवाज करत. टेबलावर ताईच्या मोबाइलवर परशुरामांचा फोन वाजून वाजून बंद पडला. ताईचे हात भरलेले होते.

मी अजून ओढणी धरून उभी होते. ताई मान न वळवता म्हणाली, "नाक सोड, नाहीतर गॅलरीत जा."

मी गॅलरीत गेले. मला नाही जमत. खाली नाला वास मारत होता आणि कोणीतरी बोंबील तळत होतं. तिथून दारातून मला आतलं दिसत होतं. ताईने पलंग आवरला, मोरीत जाऊन हात धुतले, एकदाच, आणि पेजेची वाटी घेऊन बसली. चमचा पुढे केला. भावोजींनी सवयीने तिचा हात धरून नाकाशी नेला आणि बोटांचा वास घेतला.

वास होताच. त्यांनी आ केला.