मोहेनेसचा देवाकडे अर्ज

हेर्मोहेनेस सालोंगाला गावात सगळे मोहेनेस म्हणत. फिलिपिन्सच्या बुलाकान प्रांतातल्या त्या गावात चर्चसमोरच्या चिंचेखाली मेज टाकून तो लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. वेठ माफ व्हावी म्हणून अर्ज, म्हैस चोरीला गेली म्हणून अर्ज, मनिलातल्या रुसलेल्या भावाला पत्र. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ मिरचीसारखी. पण ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत येशूच्या यातनांचं काव्य गायला बसला की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. चर्चमधली सकाळची प्रार्थना, मिस्सा, त्याने कधी चुकवली नाही. मिस्सा म्हणणाऱ्या स्पॅनिश पाद्रे गाउदेन्सियोवर मात्र त्याचा पहिल्यापासून दात होता.

१८८९ सालच्या त्या उपासात त्याने एक अर्ज थेट देवालाच लिहिला. अर्जदार: या गावचे रहिवासी. विषय: तुझ्या नावावर चाललेला कारभार. आमची मुलं पाद्री होतात, मग जन्मभर स्पॅनिश पाद्र्याच्या हाताखालीच का राबतात? देश आमचा, मग इथल्या देवाच्या घराच्या किल्ल्या समुद्रापलीकडून आलेल्या माणसाच्या कमरेला का? कबुलीची चिठ्ठी नव्हती म्हणून ज्यांना कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं, ती माणसं तुझी नव्हेत का? खाली सही नव्हती. आठवडाभरात त्या कागदाच्या नकला तांदळाच्या टोपल्यांतून घरोघर पोचल्या आणि लोक हसून हसून बेजार झाले.

पाद्रे गाउदेन्सियो हसला नाही. रविवारी त्याने व्यासपीठावरून बजावलं, "ज्याने हे लिहिलं त्याने माझ्यापुढे कबूल करावं. ते पाप लपवून जो प्रभूचा प्रसाद घेईल, त्याच्या जिभेवर तो विष होईल!"

झालं, मोहेनेसची झोप उडाली. दरवर्षी ईस्टरआधी पाद्र्यापुढे कबुली द्यायची, मग छापील चिठ्ठी मिळायची, नाव आणि साल घातलेली. ती नसली तर लग्न नाही, कुणाचा धर्मपिता होता येत नाही, आणि मेलात तर जागा भिंतीबाहेर. पाप लपवून चिठ्ठी घ्यावी, तर देवाची फसवणूक. सांगावं, तर लिहिलेलं खरं असूनही पाप ठरणार. देव आणि पाद्रे हे दोघे वेगळे आहेत हे त्याने स्वतःच लिहिलं होतं. आता पाद्रेच्या धमकीला आपण का भितो, हे काही त्याला उमगेना.

घरी त्याची आई मावरा अंथरुणाला खिळली होती. तिला तो इनांग म्हणे. तिची एकच विचारणा. "चिठ्ठी आणलीस का रे?"

"आणतो, इनांग."

"तुझा बाप भिंतीबाहेर पडलाय. निदान तू तरी माझ्याजवळ ये."

बाप बेर्नाबे वीस वर्षांपूर्वी वेठीवर डोंगरात लाकूड तोडायला गेला होता. ईस्टर उलटल्यावर ताप घेऊन परतला आणि आठव्या दिवशी गेला. चिठ्ठी नव्हती. याच पाद्रे गाउदेन्सियोने त्याला आत घेतला नव्हता.

मोहेनेसने पाद्रे लिनोला गाठलं. हा गावचाच पोरगा, आता मोठ्या पाद्रेचा मदतनीस.

"मला क्षमा द्या, पाद्रे."

"पश्चात्ताप झालाय का?"

"नाही."

"मग क्षमा कशाला करू? आणि कशाची करू?" लिनोने इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "मी तीनदा वाचलाय तो कागद. चौथ्यांदा मोठ्याने वाचला, तेव्हा दार लावून घेतलं होतं."

"मग चिठ्ठी तरी द्या."

"त्या मोठ्या पाद्रेच्या कपाटात असतात. बाबा, मीही त्या अर्जातलाच अर्जदार आहे. तू निघ इथून, नाहीतर दोघांची वरात निघेल."

बायको तितांग घरी पेज ढवळत बसली होती. ती म्हणाली, "देवाला पत्र लिहिताना छाती पुढे होती ना? आता जा, उत्तर घेऊन ये!"  बायको बरोबर बोलत होती, हेच मोहेनेसला झोंबलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मावराला धाप लागली. पाद्रे गाउदेन्सियो घंटा वाजवत, शेवटच्या संस्काराच्या तेलाची कुपी घेऊन आला. कबुलीसाठी सगळे खोलीबाहेर गेले. बराच वेळ गेला. पाद्रे बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने घरातल्या मेजाशी बसून मोहेनेसच्याच टाकाने दोन छापील चिठ्ठ्या भरल्या. एक मेजावर ठेवली, ती मावराची. दुसरी बाहीत सरकवली आणि जिना उतरला.

मोहेनेस आत धावला. "इनांग, काय सांगितलंस त्याला?"

"तो अर्ज माझा म्हणून सांगितलं."

"तुला तर सही येत नाही!"

"तुझ्याकडे येतात त्यांना कुठे येते? अर्ज कुणाचा असतो रे, लिहिणाऱ्याचा की सांगणाऱ्याचा?"

"पण मरताना खोटं..."

"कसलं खोटं? वीस वर्षं चूल फुंकताना तेच बडबडत होते मी. तू फक्त उतरवून घेतलंस."

मोहेनेसला धक्का बसला. भिंतीबाहेर पुरलं, ती माणसं तुझी नव्हेत का, हे वाक्य अक्षरशः तिचंच होतं. त्याच ओळीवर तो सर्वांत जास्त खूश होता, आणि ती आपल्याला सुचली असं समजत होता.

"आणि पश्चात्ताप? तो झाला म्हणालीस?"

"झालाच. वीस वर्षं देवाकडे तक्रार करायची लाज वाटली, त्याचा."

तो पाद्रेच्या मागे धावला. काय सांगायचं हे ठरलं नव्हतं. अक्षर माझं आहे, एवढं तरी सांगायलाच हवं असं वाटत होतं. बांबूच्या पुलावर म्हातारा गुडघा चोळत थांबलेला दिसला.

"पाद्रे, इनांग जे म्हणाली ते..."

"गप्प बैस!" पाद्रे ओरडला. "कबुलीत ऐकलेलं मी कबरीत घेऊन जाणार. रस्त्यात ऐकलेलं मात्र मला शिपायांना कळवावं लागेल. हं, आता बोल. काय म्हणत होतास?"

ही धमकी होती की दया, मोहेनेसला कळेना. "काही नाही," तो म्हणाला.

"मग हे घे." पाद्रेने बाहीतली चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली. मोहेनेसने सवयीने वाकून त्याच्या हाताचं चुंबन घेतलं, आणि घेतल्याबरोबर त्याला स्वतःचाच संताप आला.

वाटेत त्याने घडी उलगडली. नाव त्याचं नव्हतं. बेर्नाबे सालोंगा, असं लिहिलं होतं, आणि साल १८६९. मोहेनेस कागद उलटापालटा करत राहिला. मागची तारीख घालणं हा गुन्हा होता, त्याच्या धंद्यात तर सर्वांत मोठा. ज्या माणसाने बापाला बाहेर ठेवलं, त्यानेच आज खोटी चिठ्ठी लिहून त्याला आत आणायची सोय केली होती. या माणसाला शिव्या द्याव्यात की त्याच्यासाठी प्रार्थना करावी? दोन्ही एकाच वेळी ओठांवर येत होतं.

घरी त्याने चिठ्ठी आईच्या मुठीत दिली. "बाबांची आहे. आता बाबा आत येणार, तुझ्या शेजारी."

मावरा ढसढसा रडली. मग कागद छातीशी धरून तिने विचारलं, "आणि तुझी?"

"माझीही मिळाली, इनांग."

ती समाधानाने हसली. मोहेनेसने तिचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला आणि तो हुंदके देऊ लागला. आईशी शेवटच्या घडीला खोटं बोललो, याचा त्याला मनापासून पश्चात्ताप होत होता. अर्जाचा अजूनही होत नव्हता.