टीव्हीला वेगळी लाइन

घरात सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडे. उमेदीची सगळी वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानांवर हेडफोन, समोर भोकाभोकांची भलीमोठी पाटी, हातात दोऱ्या. याची दोरी त्याच्या भोकात खुपसली की कुठली कुठली दोन माणसं बोलायला लागत. पुढे एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली तेव्हा बरोबरीच्या बायका रडल्या. ही बी.ए. झालेली, हिने यंत्राचं पुस्तक मागवून घेतलं आणि निवृत्तीपर्यंत तक्रार विभाग सांभाळला. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "वेळ झाला नाही," आणि विचारणाऱ्याकडे अशी बघायची की त्याने पुढे हवापाण्याचं बोलावं.

वहिनी गेल्यावर ती थोरल्या भावाकडे राहायला आली. दादाने गोदीत क्रेन चालवली होती. जहाजातले पेटारे उचलायचे आणि अंडं ठेवावं तसे धक्क्यावर ठेवायचे, हे त्याचं आयुष्यभराचं काम. आता त्याच्या नजरेच्या मधोमध धुकं धरलं होतं. कडेकडेचं दिसे, नेमकं जे बघायचं तेवढंच दिसत नसे. वर्तमानपत्र सुटलं, फोनवरचे फोटो सुटले. भिंतीवरचा मोठा टीव्ही तेवढा उरला, तोही मान तिरकी करून.

दादाची एकुलती एक लेक हुप्पी. नाव त्यानेच ठेवलेलं, कारण ती चालायच्या आधी खिडकीच्या गजांवर चढायला शिकली. पुढे ती खरोखरच क्रेनवर चढली, तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं. "जन्मभर त्या काचेच्या पेटीत बसलो, ते काय पोरीनेही बसावं म्हणून?" हुप्पी म्हणाली, "मग एवढं रंगवून सांगायचं तरी नव्हतं रोज जेवताना." झालं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं दवाखान्यातल्यासारखं. बरंय का, बरंय, औषध घेता ना, घेतो. बाकीचं सगळं आत्यामार्फत.

आणि आज हुप्पी नदीवरच्या नव्या पुलाचा मधला तुकडा उचलणार होती. पूल दोन्ही काठांवरून पुढे येऊन थांबला होता आणि मध्ये खिंडार राहिलं होतं. तिथे तो अजस्र पोलादी तुकडा नेऊन बसवायचा होता. पूल बांधणाऱ्या खात्याने नदीकाठी कॅमेरा लावून ते आपल्या वेबसाइटवर दाखवायचं ठरवलं होतं. ऑपरेटरबाईने कित्येक दिवस भुणभुण लावल्यावर सकाळी चहाचा कप खाली ठेवत दादा म्हणाला, "लाव बघू. बघतो."

एवढंच. पण भावाला ती ओळखून होती. खुर्चीत बसल्यावर समोर काही आलं नाही तर तो चिडणार नाही, बोलणार नाही, नुसता उठून जाईल. मग त्याला परत त्या खुर्चीत आणायला दुसरी नदी शोधावी लागेल.

लॅपटॉपवर चित्र झकास होतं. नदी, क्रेन, पिवळ्या टोप्या घातलेली माणसं. तिने लॅपटॉप त्याच्या नाकापुढे धरला.

"दिसतंय?"

"मुंगी आहे काहीतरी."

"मुंगी नव्हे, तुझी लेक आहे. थांब, भिंतीवर पाठवते."

हे कसं करायचं ते हुप्पीनेच तिला फोनवरून शिकवलं होतं. ब्राउझरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबायचे, ‘कास्ट’ निवडायचं, टीव्हीचं नाव दिसलं की त्यावर टिचकी मारायची. लॅपटॉपवरचं पान वायफायवरून टीव्हीवर. तिने कास्ट निवडलं. एक रेघ सरसर फिरली आणि उत्तर आलं की एकही उपकरण सापडलं नाही.

"सापडलं नाही कसं? पुढ्यात तर आहे," ती लॅपटॉपला म्हणाली.

"केबल लाव की सरळ," दादा म्हणाला. क्रेनवाल्याचा वायरवर विश्वास, हवेवर नाही.

"या हडकुळ्या लॅपटॉपला केबलचं भोकच नाही. मी बघितलं नाही असं वाटलं तुला?"

टीव्हीच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये तिने ते पान उघडून बघितलं; तिथे एक गोल फिरायला लागला तो फिरतच राहिला. टीव्ही बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. ब्राउझर नवा करून घेतला. परत तेच, सापडलं नाही. लॅपटॉपमधून क्रेनचा भोंगा ऐकू आला आणि दादाने खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकले.

"बस खाली," ती म्हणाली. "पट्टे आवळतायत अजून. तूच सांगायचास ना, उचलण्यापेक्षा बांधायला वेळ लागतो?"

तो बसला. पण हात दांड्यांवरच राहिले.

मग तिने घाई बंद केली. तक्रार विभागात नव्या मुलींना ती शिकवायची: आधी हे टोक बघा, मग ते टोक बघा, दोन्ही जिवंत असतील तर बिघाड मधे आहे, ग्राहकावर खेकसू नका. हे टोक लॅपटॉप. इंटरनेट चालू, चित्र हलतंय. ते टोक टीव्ही. त्यावर बातम्या लावल्या, खणखणीत लागल्या. दोन्ही जिवंत, आणि एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. म्हणजे भावकीच. तिने रिमोट घेतला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरली आणि तो कुठल्या वायफायवर आहे ते वाचलं. घराच्या वायफायचं नाव, आणि त्याच्या शेपटाला एक शब्द जास्त: पाहुणे.

तिने तो शब्द परत एकदा वाचला आणि रिमोट मांडीवर ठेवला.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"काही नाही. एका बाईने शहाणपणा केलाय."

इंटरनेट जोडायला माणूस आला होता, तेव्हा ती त्याच्या डोक्यावर उभी होती. टीव्हीला वेगळी लाइन द्या, तिने बजावलं होतं. एका लाइनवर दोन गिऱ्हाइकं घातली की भांडणं होतात, हे एक्स्चेंजमधलं पहिलं शिक्षण. दादाचा टीव्ही दिवसभर चालणार, तिचा लॅपटॉप मधेच अडणार, ते नको. त्या माणसाने मान खाजवली आणि बाईंची हौस म्हणून टीव्ही पाहुण्यांसाठीच्या वायफायवर टाकून दिला. बाईंनी वर त्याला शाबासकी दिली होती.

ठीक आहे. मग लॅपटॉपही पाहुण्यांत नेऊ. तिने तो नेला. तरीही सापडलं नाही. आता तिने इंटरनेटवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या मुलीने सुरुवात केली, "मॅडम, टीव्ही एकदा बंद करून..."

"केलं, बाळ. तुझ्या कागदावरचं सगळं केलं. एवढंच सांग, दोन्ही पाहुण्यांच्या वायफायवर आहेत, तरी एकमेकांना दिसत का नाहीत?"

मुलगी हसली. "पाहुण्यांना बाहेरचं इंटरनेट मिळतं, मॅडम, पण एकमेकांकडे बघता येत नाही. मुद्दामच तसं असतं. दोन्ही घरच्या वायफायवर आणा."

"हे कसं नीट सांगितलंस. नाहीतर तुमच्याकडे सगळे बंद-चालू, बंद-चालू."

लॅपटॉप घरी आणणं सोपं होतं. टीव्हीला घरचा पासवर्ड द्यायचा होता, आणि तो तिनेच असा बनवला होता की चोराच्या बापालाही सापडू नये. रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर शोधत जायचं: लहान अक्षर, मोठं अक्षर, आकडा, मग कुठलं तरी चिन्ह.

"कोणापासून लपवतेस एवढं? दोन म्हातारी राहतात इथे," दादा म्हणाला.

"तू बोलू नकोस, माझं अक्षर चुकतं."

"भोंगा झाला परत. उचलायला घेतलं तिने."

"घेऊ दे. नदी रुंद आहे."

शेवटचं चिन्ह दाबलं. टीव्ही घरच्या वायफायवर आला. तीन ठिपके, कास्ट, आणि यादीत टीव्ही असा दिसला की जणू कधी कुठे गेलाच नव्हता. तिने टिचकी मारली. भिंतभर नदी आली.

तुकडा पाण्यापासून बराच वर आला होता. दादाने खुर्ची सरकवली, मान तिरकी केली, आणि दांड्यांवरचे हात मांडीवर आले. ऑपरेटरबाई शेजारच्या वेताच्या मोढ्यावर टेकली. तुकडा चढत होता, सावकाश, एका लयीत. मग खिंडाराच्या तोंडाशी येऊन तो थांबला. अधांतरी. थांबला तो थांबलाच.

"अडकलं मेलं," ती म्हणाली आणि लॅपटॉपकडे हात नेला. "वायफायचा जीव..."

"हात लावू नकोस."

"अरे, चित्र थांबलंय."

"चित्र नाही थांबलं. ती थांबलीय." दादा बोलत होता पण बघत दुसरीकडेच होता, टीव्हीच्या कडेला. "त्या कोपऱ्यातल्या दोऱ्या बघ. फडफडतायत. वारा सुटलाय."

तिने बघितलं. तुकड्याच्या टोकांना बांधलेल्या दोऱ्या खरोखरच शेपटीसारख्या उडत होत्या. खालची माणसं हातवारे करत होती, कोणीतरी घड्याळ दाखवत होतं. तुकडा मात्र जागचा हलत नव्हता.

"खालून बोंबलतील आता," दादा पुटपुटला. "सगळ्यांना घाई. ऐकू नकोस कोणाचं." हे तो बहिणीला सांगत नव्हता, एवढं कळायला बी.ए. लागत नाही.

दोऱ्या लोंबल्या. दादाने श्वास सोडला, आणि तुकडा हलला. खिंडारात उतरला, दोन्हीकडून माणसं धावली. बसला.

दुपारी हुप्पीचा फोन आला. एरवी आत्याचा फोन वाजला की दादा पाणी प्यायला उठायचा. आज उठला नाही.

"विचार तिला, वारा किती होता," तो म्हणाला.

"तूच विचार." तिने फोन त्याच्या हातात दिला आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. आता कपडे वाळत घालायची दोरी दादाच्या खुर्चीमागच्या खिडकीलगतच होती, त्याला कोण काय करणार.

"थांबलीस ते बरं केलंस," दादा फोनमध्ये म्हणाला. मग: "तुझ्या वयात मी नसतो थांबलो. रेटलं असतं."

पलीकडून हुप्पी काहीतरी लांबलचक सांगू लागली. दादा मान हलवत होता, फोनवर मान हलवून दिसत नाही हे विसरून.

"हं. आणि ब्रेक कसा आहे त्याचा? नाही, नाही, ते नको सांगू, हाताला कसा लागतो ते सांग."