गाडीचं दावं

आमच्यात जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं. बैल जातो, दावं घरी राहतं. घेणाऱ्यानं येताना आपलं नवं दावं आणायचं. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणतात. सासऱ्यांनी शेवटची जोडी विकली तेव्हाची दोन्ही दावी अजून शेडच्या दारामागं खिळ्याला आहेत. त्याच खिळ्याला आता एका गाडीची चावीही आहे आणि ती मी अडकवली आहे.

गाडी आमच्या यांनी आणली इंदापूरच्या बाजूच्या एका मळ्यातून, ट्रॅक्टरला बांधून. जुनी विलायती गाडी. पुढून गोल डोळ्यांची, मागचा अर्धा भाग लाकडी चौकटीचा, आणि त्याला कपाटासारखी उघडणारी दोन दारं. मळ्यात तिच्या मागच्या भागात कोंबड्या अंडी घालायच्या. असल्या गाडीला तिकडं ‘इस्टेट’ म्हणतात, असं हे ट्रॅक्टरवरून उतरता उतरता मोठ्या कौतुकानं म्हणाले. मी म्हटलं, “उभ्या जन्मात केलीत ती एवढीच इस्टेट.” त्यावर हे हसले. नवऱ्याला लागावं म्हणून बोलावं आणि त्यानं हसावं, यासारखा जळफळाट नाही.

साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, हात स्वस्थ बसायचे नाहीत. इंजिन उतरवलं, पत्रा ठोकला, फिकट हिरवा रंग दिला. मागची चौकट पार कुजली होती. जळोचीला आमच्या बांधावर एक जुनी बाभूळ होती. ती पाडली, सावलीत वाळू दिली, आणि तिच्यातून नवी चौकट केली. पावसाळ्यात त्या लाकडावर शेवाळ धरायचं. ते जुन्या टूथब्रशनं काढायचं आणि जवसाचं तेल चोळायचं, हे काम माझ्याकडं. “सवतीची वेणीफणी करते,” असं मी आल्यागेल्याला सांगायची. खोटं कशाला बोलू, पुढं पुढं मला ते काम आवडायला लागलं होतं.

दर रविवारी सकाळी हे गाडी चालू करायचे. तिचा आवाज ऊस ओलांडून पलीकडच्या वस्त्यांवर जायचा, आणि तो ऐकला की माणसं यायचीच. “उठली का म्हातारी, तात्या?” म्हणत कुणी दूध घालून परतताना थांबायचं, कुणी पेरूच्या बागेतून हातात चार पेरू घेऊन यायचं. शेडमध्ये खुर्च्या कमी पडायच्या, खताच्या पोत्यांवर बसायचे. मी चहाचं मोठं पातेलं चढवायची आणि कुरकुर करायची. आम्हाला मूलबाळ नाही. पण रविवारी आमच्या दारात जेवढ्या चपला असायच्या, तेवढ्या लेकुरवाळ्या घरातही नसतील.

मग हे गेले. चौदाव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. त्यानंतर ज्याचा तो आपल्या कामाला लागला, त्यात त्यांची चूक नाही. माझे दीर मात्र रविवारचा नेम चालवायला लोणी भापकरहून यायचे, गाडी चालू करायचे. आवाज झाला की पूर्वीपेक्षा कमी, पण दोघंतिघं तरी यायचे. लग्न ठरलेली पोरं-पोरी गाडीपाशी फोटो काढायला यायची. नवरी माझ्याकडं आरसा मागायची, साडी नीट करून घ्यायची, “आजी, बरी दिसते का?” विचारायची. तेवढ्यावर माझे आठ दिवस निघायचे.

मग दिरांच्या गुडघ्यांनी दगा दिला. शेवटचे आले ते काठी टेकत. गाडी चालू केली, बंद केली आणि तिथंच बसून राहिले.

“वैनी, आता माज्यानं येणं हुयाचं न्हाय. आन ही उभी ऱ्हायली की मेली समजा. जित्तेपनी चांगल्या घरी द्या.”

“आणि मग इथं कोण येणार, भावजी?”

काठी टेकत ते उठले, गाडीच्या टपावर एकदा हात ठेवला आणि निघाले.

गाडी ठेवली तर ती कुजणार, दिली तर माझं दार ओस पडणार. यांनी एवढा जीव ओतलेली वस्तू माझ्या चहाच्या पातेल्यासाठी कुजवायची, हे मला पटेना. दिलं बोलावणं.

जुन्या गाड्यांचा लिलाव करणाऱ्या एका कंपनीचा माणूस पुण्याहून येऊन फोटो काढून गेला. लिलाव म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं बैलबाजार. घेणारा बैलाचे दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो, दहा खोडी काढतो. मला वाटलं, निदान तेवढ्यासाठी तरी माणसं येतील. मी शेड सारवून घेतलं, कपबशा वाढवल्या. कुणी फिरकलं नाही. हा लिलाव फोनवरच होता. गाडीच्या फोटोखाली काय लिहिलंय ते मी चष्मा लावून वाचलं. सगळं बरं होतं, फक्त ‘लाकूड मूळचं नाही’ असं उणं लिहिलं होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मूळचं नाही म्हणे! आमच्या बांधावर दोन पिढ्या उभी असलेली बाभूळ मूळची नाही, तर मग मूळचं काय असतं?

लिलावाच्या दिवशी मी फोन घेऊन शेडमध्ये गाडीजवळ बसले. आकडे वर चढत होते आणि इथं चिटपाखरू नव्हतं. शेवटी फोनवर एक हिरवी पट्टी आली, म्हणजे गाडी विकली गेली होती. ज्यानं घेतली त्यानं तिला हातसुद्धा लावला नव्हता.

न्यायला ट्रक आला तेव्हा गाडीला कुंकू मीच लावलं. विधवा बाईनं असं करावं का, असं म्हणायला तरी कुणी हवं होतं. माणसांनी साखळी लावून गाडी वर ओढून घेतली. चावीची त्यांना गरज पडली नाही, त्यांनी मागितली नाही. ती माझ्या मुठीत होती. ट्रक वळणावर दिसेनासा झाल्यावर मी शेडमध्ये गेले आणि चावी दाव्यांच्या खिळ्याला लावली. तेव्हा ते निव्वळ हातानं केलं, जन्माची सवय.

दोन-तीन दिवसांनी घेणाऱ्याचा फोन आला. आवाजावरून तरणा, बोलायला गोड. “आजी, चावी तुमच्याकडं राहिली का हो?”

मी म्हटलं, “राहिली नाही, ठेवली. आमच्यात दावं देत नाहीत.” मग त्याला सगळा रिवाज समजावून सांगितला. तो मनापासून ऐकत होता, मध्ये मध्ये विचारत होता. इतकं लांब बोलणं कित्येक दिवसांत कुणाशी झालं नव्हतं. बोलता बोलता मी म्हणून गेले, “तुम्ही स्वतः या. मग बघू द्यायची का.” रिवाजात हे बसत नाही, ते मला कळत होतं. मला माणूस हवा होता. तो हसला आणि म्हणाला, “येतो रविवारी. यायलाच पाहिजे.”

रविवारी मी पहाटेच उठले. भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी केली. शेडमध्ये दोन खुर्च्या मांडल्या. यांनी बांधावरच्या त्या बाभळीचा एक तुकडा ठेवला होता, तो पुसून ठेवला, त्याला दाखवायला. ऊन डोक्यावर आलं, कललं. भाकरी कडक झाल्या.

तिसऱ्या प्रहरी फोन वाजला. त्याचा निरोप होता आणि खाली व्हिडिओ. ‘आजी, इथल्या एका कारागिरानं दुसरी चावी करून दिली, त्यामुळं तुम्हाला त्रास देत नाही. नवं दावं आम्ही आणलं. तुमचं तुमच्याकडंच राहू द्या, रिवाज मोडायला नको.’

रागवावं तर कशावर? पोरानं माझाच शब्द पाळला होता.

व्हिडिओ लावला. कुठल्याशा मोठ्या बंगल्यापुढं गाडी उभी होती. इंजिन एकदा खोकलं आणि मग लागलं, अगदी यांच्या हातून लागायचं तसंच. गाडी जगली होती, हे मला बघायचं होतं आणि मी बघितलं.

मग मी फोनचा आवाज होईल तेवढा मोठा केला, शेडचं दार सताड उघडलं, फोन उसाच्या बाजूला तोंड करून खुर्चीवर ठेवला, आणि चहाचं मोठं पातेलं चढवायला आत गेले.