व्याह्यांचा केसपेपर

दुसऱ्याच्या मोडक्या हाडांवर आमच्या व्याह्यांइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. रस्त्यात कुणी पडलं की लोक त्याला उचलतात, पाणी पाजतात, खड्ड्यांना शिव्या देतात. आमचे व्याही गर्दीत शिरून वाकतात आणि विचारतात, "गाडीचा नंबर घेतला का?" 'फार लागलं का' हा प्रश्न त्यांच्या यादीत बराच खाली येतो. शर्टाच्या खिशात दोन बॉलपेनं, घडी घातलेले कोरे कागद आणि खडूचा एक तुकडा. गाडीची चाकं कुठे होती त्याची खूण करायला. हा खडू त्यांच्या प्रत्येक शर्टाबरोबर एकदा तरी धुतला गेला आहे आणि विहीणबाईंनी त्याबद्दल बोलणंच सोडून दिलं आहे.

त्यांची सगळी नोकरी अकोल्यात, सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे गेली. तिथे तीस वर्षं बसून त्यांचं एक ठाम मत झालं, की हाड रस्त्यावर मोडतं, पण माणसाचा हक्क त्या खिडकीपाशी मोडतो. माणसाला गाडीनं उडवलेलं असतं, उडवणारा शेजारीच हात जोडून उभा असतो, आणि पोलिसांचं लचांड नको म्हणून जखमी माणूसच सांगतो, 'घरी पडलो.' एकदा ते कागदावर आलं की पुढे कोर्टात कितीही घसा कोरडा केला तरी विमा कंपनी तोच कागद पुढे करते. भरपाई उडवणाऱ्याच्या खिशातून जात नाही, त्याच्या गाडीच्या विम्यातून मिळते, हे ते इतक्या लोकांना इतक्या वेळा समजावत की मागची रांग वैतागून जायची.

ते आमच्याकडे अमरावतीला मुलगी पाहायला आले, तेव्हा माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. झालं, मुलगी राहिली बाजूला. पोहे निवले तरी ह्यांचं आपलं चालूच: कोणी उडवलं, कुठे उडवलं, रिपोर्ट दिला का? मी हसत म्हणालो, रिपोर्ट कसला, माणूस ओळखीचा निघाला, सोडून दिलं. त्यांचा चेहरा असा पडला की आमच्या सौभाग्यवतींना वाटलं, स्थळ हातचं गेलं. लग्नात तर कहरच झाला. ऐन वरातीत जनरेटरच्या टेम्पोचं चाक एका बँडवाल्याच्या पायावरून गेलं, आणि नवरदेवाचा बाप फेटा सावरत खाली बसून रस्त्यावर खडूनं रेघा ओढू लागला. भटजी घड्याळ दाखवत होते. व्याह्यांनी घोडीवरच्या मुलाचंही नाव साक्षीदार म्हणून लिहून घेतलं आणि मगच वरात हलू दिली. मुहूर्त टळला तो टळलाच. संसार मात्र छान चालला आहे.

निवृत्तीनंतरही ते रोज जेवून त्या खिडकीशेजारी जाऊन बसत. दवाखान्यातल्या लोकांनी त्यांना एक स्टूलच देऊन टाकलं होतं. एकदा मी सोबत होतो. दर्यापूरकडची एक मजूर बाई आली, जीपमधून पडून पाय मोडलेला. जीपवाला शेजारीच, तिला चहा पाजतोय, ताई ताई करतोय. ती 'वावरात पडली' असं सांगणार, तेवढ्यात हे पुढे सरकले. "बाई, तो भला माणूस असन, मी नाई म्हणत नाई. पण पाय तुहा हाय. खरं सांगशीन तं त्याचं घर नाई बुडत. खोटं सांगशीन तं तुहं बुडते." बाईनं खरं सांगितलं. पुढे दरवर्षी ती त्यांच्यासाठी ओल्या हरभऱ्याच्या पेंड्या घेऊन यायची आणि हे संकोचून त्या शेजारीपाजारी वाटून टाकायचे.

दोन वर्षांपूर्वी मी नवी गाडी घेऊन अकोल्याला गेलो. गाडी मला नवी होती, आणि मीही तिला नवाच होतो. मुलगी-जावई नोकरीवर, विहीणबाई देवळात, म्हणून आम्ही दोघंच भाजी आणायला निघालो. जुन्या शहरातल्या एका बोळात मी गाडी अशी घातली की पुढे जाता येईना. व्याही उतरले, मागे जाऊन उभे राहिले आणि पोलिसाच्या रुबाबात हात हलवू लागले. "येऊ द्या इवाई, येऊ द्या." मी येऊ दिली. ते 'बस' म्हणाले तेव्हा ब्रेकऐवजी मी भलतंच दाबलं. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये त्यांचा पाय होता.

रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसानं हात दिला आणि आम्ही त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. दवाखाना येईपर्यंत मी त्यांना एकच विचारत होतो, पोलीस येतील का हो? माझ्यावर केस होईल का? लोक म्हणतील, मुलीच्या बापानं तिच्या सासऱ्यावरच गाडी घातली. किती दुखतंय, हे विचारायचं राहूनच गेलं. गाडीचा विमा चालू होता, कागद समोरच्या खणात होते, लायसन्स खिशात होतं. इतकं भिण्यासारखं काही नव्हतं, आणि हे मला ज्यांनी शिकवलं तेच मागे कण्हत पडले होते. खिडकीत त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कारकून बसला होता. त्यानं घाबरून विचारलं, साहेब, कसं झालं? व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"बाथरूमात पाय घसरला," ते म्हणाले. "लिव."

त्यानं लिहिलं.

पाय नीट जुळला नाही. दुसरं ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणतात आणि ते पुढे ढकललं जातं. खर्च मी करतो म्हणालो, तर मुलीच्या बापाकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हणून त्यांनी हात जोडले. मग मी म्हणालो, चला, अजूनही जाऊन खरं सांगू, मी कबूल करतो. ते म्हणाले, कागद आपणच लिहवून घेतला, आता खरंही खोटं वाटेल. त्यांच्या लंगडण्याचं मला वाईट वाटतंच. पण त्याहून वाईट याचं वाटतं, की ते आता त्या खिडकीकडे फिरकत नाहीत. का जात नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं. ते गुडघा चोळत म्हणाले, "कोण्या तोंडानं जाऊ, इवाई? लोकायले म्हणीन, खरं सांगा. माह्यापाशीच तं खरं नाई राह्यलं."

त्यांनी घरात कुणालाही सांगितलेलं नाही, माझ्या मुलीलाही नाही. तिनं बाथरूमच्या भिंतीला स्टीलचा दांडा बसवून घेतला आहे, खाली रबराची चटई टाकली आहे, आणि सासरे आंघोळीला निघाले की ती मागे उभी राहते. तिची माया रागावण्यातूनच बाहेर येते. परवा मी तिथे असतानाच ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, त्या दिवशी जरा जपून पाय टाकला असता तर हे झालं असतं का?"

व्याही दांडा धरून उभे होते. "चुकलं वं माय माहं," ते म्हणाले आणि माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी चहाचा कप धरून बसलो होतो. एकच वाक्य बोलायचं होतं. चहा संपला, ते आंघोळ करून बाहेर आले, मुलीनं त्यांना हात धरून पलंगावर बसवलं, आणि मी निघतो म्हणालो.